संपादकाची खुर्ची सोडल्यानंतर

बुऱ्हाणपूरच्या वायव्येला, सातपुड्याच्या रांगांमध्ये धूलकोट हे गाव वसलं आहे. आजूबाजूला बारेला आणि भिलाला आदिवासींचे पाडे, आणि डोंगरउतारांवर साग नि सलई. सागाला पूर्वीपासून मोल होतं. सलईचं लाकूड मात्र मऊ आणि चिकट, घरबांधणीला फारसं उपयोगी नाही, म्हणून लाकडासाठी तिच्याकडे कुणी वळून पाहत नसे. याच सलईच्या आणि बांबूच्या भरवशावर आजच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात देशातला पहिला वृत्तपत्री कागदाचा कारखाना उभा राहिला. १९४७ साली खासगी कंपनी म्हणून त्याची सुरुवात झाली, १९४९ मध्ये मध्य प्रांताच्या सरकारनं तो हाती घेतला, १९५५ मध्ये यंत्रं चालू झाली आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते नेपानगरची ही गिरणी राष्ट्राला अर्पण झाली. तोवर आपल्याकडची वर्तमानपत्रं परदेशातून आलेल्या कागदावर छापली जात होती.

कागद उशिरा आला, पण छापण्याजोगं लिहिणारी माणसं या मुलखात कितीतरी आधीपासून होती. बुऱ्हाणपूर तेव्हा निमाड जिल्ह्यात मोडत असे. जिल्ह्याची कचेरी खांडव्याला आणि प्रांताची राजधानी नागपूरला. १९२५ पासून खांडव्याहून ‘कर्मवीर’ हे साप्ताहिक निघू लागलं. त्याचे संपादक माखनलाल चतुर्वेदी हे हिंदीतले थोर कवी, आणि निमाडात त्यांचं नाव आजही आदरानं घेतलं जातं. पण ‘कर्मवीर’ मुळात काढण्याची खटपट ज्यांनी केली, त्यासाठी भांडवल जमवलं आणि माखनलालजींना त्या खुर्चीवर बसवलं, ते गृहस्थ स्वतः कधीकाळचे संपादक होते. ‘कर्मवीर’ १९२० मध्ये जबलपूरहून पहिल्यांदा निघाला, त्याच्या बारा वर्षं आधीच त्यांनी ती खुर्ची सोडली होती आणि पुन्हा तिच्यावर बसायचं नाही असंच जणू ठरवलं होतं. त्यांचं नाव माधवराव सप्रे.

हिंदीच्या विद्यार्थ्याला हे नाव शाळेत भेटतं. मराठी वाचकाच्या कानावर ते क्वचितच पडतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. सप्रे घराणं मूळचं कोकणातलं. माधवरावांची मातृभाषा मराठी होती आणि त्यांच्या आयुष्यातली निम्मी कामगिरी म्हणजे मराठीतलं उत्तमोत्तम उचलून हिंदीच्या ओटीत घालणं. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना एक ओळ मिळाली तरी पुष्कळ, अशी आज स्थिती आहे.

त्यांचा जन्म १९ जून १८७१ चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावी. वडील कोंडोपंत, आई लक्ष्मीबाई. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात आणि त्यानंतर इंग्रजी नोकऱ्यांच्या निमित्तानं अशी कितीतरी मराठी घरं नर्मदेच्या आणि महानदीच्या खोऱ्यांत पांगली होती. घरात मराठी आणि दारात हिंदी किंवा छत्तीसगढी, अशी त्यांची रीत. बालपण बिलासपुरात गेलं, पुढची शाळा रायपूरला झाली. तिथल्या नंदलाल दुबे या शिक्षकांनी या मराठी मुलाला हिंदीची गोडी लावली. जबलपूर, ग्वाल्हेर, नागपूर अशी वणवण करत त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची पदवी मिळवली. त्या काळी मध्य प्रांतात बी. ए. झालेला माणूस म्हणजे उद्याचा तहसीलदार. माधवरावांना ती वाट मोकळी होती, पण सरकारी नोकरी त्यांनी नाकारली आणि पेंड्र्याच्या राजकुमाराचे शिक्षक म्हणून महिना पन्नास रुपयांवर राहिले.

पेंड्रा म्हणजे बिलासपूरच्या उत्तरेला जंगलात वसलेलं जमीनदारीचं गाव. गावात छापखाना नाही आणि विकत घेऊन वाचणारे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. अशा ठिकाणाहून जानेवारी १९०० मध्ये माधवरावांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढलं. सोबतीला सहसंपादक रामराव चिंचोलकर आणि प्रकाशक वामन बळीराम लाखे. म्हणजे छत्तीसगढातलं पहिलं हिंदी नियतकालिक काढणारे तिघेही मराठी! अंक आधी रायपूरच्या कय्यूमी छापखान्यात आणि नंतर नागपूरच्या देशसेवक छापखान्यात छापला जाई. वर्षाची वर्गणी दीड रुपया. पगारातून उरेल ते पैसे मासिकात जात.

या मासिकाचं सर्वांत मोलाचं अंग म्हणजे त्यातली पुस्तक-परीक्षणं. नव्या हिंदी पुस्तकांवर सप्रे विस्तारानं लिहीत. गुण सांगत, दोष दाखवत, आणि लेखक मोठा आहे म्हणून हात आखडता घेत नसत. हिंदीत पुस्तकाची अशी गंभीर चिकित्सा तेव्हा नवीन होती. मराठीत मात्र ‘निबंधमाला’ येऊन पाव शतक उलटलं होतं. चिपळूणकर-आगरकरांच्या वातावरणात वाढलेल्या वाचकाला जे नित्याचं वाटत होतं, ते माधवरावांनी शेजारच्या भाषेत रुजवायला घेतलं. एप्रिल १९०१ च्या अंकात त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही गोष्ट आली. एका जमीनदाराला वाड्याच्या आवारासाठी विधवेची झोपडी हवी असते आणि ती म्हातारी त्याला टोपलीभर मातीपाशी आणून उभं करते. हिंदीतली पहिली लघुकथा कोणती यावर अभ्यासक अजूनही भांडतात, आणि त्या भांडणात ही कथा हमखास पुढे केली जाते. जेमतेम दोन पानांची गोष्ट आहे. जमिनीवरून माणसं हुसकली जातात तिथं ती आजही सांगता येईल.

तीन वर्षं तोटा सोसून डिसेंबर १९०२ मध्ये ‘मित्र’ बंद झालं. काशीची नागरीप्रचारिणी सभा तेव्हा शास्त्रीय परिभाषेचा कोश करत होती. त्यातलं अर्थशास्त्राचं काम सप्र्यांकडे आलं. पुढे त्यांनी नागपुरात बस्तान बसवलं आणि ‘हिंदी ग्रंथमाला’ चालू केली. मिलच्या ‘ऑन लिबर्टी’चं महावीरप्रसाद द्विवेदींनी केलेलं हिंदी रूप ‘स्वाधीनता’ याच मालेतून आलं. स्वदेशी आणि बहिष्कारावरचं सप्र्यांचं स्वतःचं पुस्तकही याच काळातलं. सरकारनं ते पुढे जप्त केलं.

१९०७ चं नागपूर म्हणजे धगधगती चूल होती. त्या वर्षीची काँग्रेस तिथं भरायची होती. जहाल-मवाळांचा वाद इतका पेटला की ती सुरतेला हलवावी लागली आणि तिथं उधळली. त्याच वर्षी १३ एप्रिलला नागपुरातून ‘हिंदी केसरी’ निघाला. टिळकांच्या संमतीनं निघालेल्या या साप्ताहिकाचं काम सोपं नव्हतं. पुण्याच्या ‘केसरी’तला मजकूर हिंदीत आणायचा, त्यातला ठसका न घालवता आणायचा, आणि त्याला उत्तरेतल्या वाचकाच्या ओळखीचे दाखले द्यायचे. टिळकांची मराठी वाक्यरचना ज्यांनी वाचली आहे त्यांना कळेल की ती दुसऱ्या भाषेत उभी करणं म्हणजे काय. सप्र्यांनी ते केलं, आणि मराठीचा गंधही नसलेल्या गावांमधून टिळकांचे विचार वाचले जाऊ लागले.

याच ‘हिंदी केसरी’नं राष्ट्रीय आंदोलन आणि बहिष्कार या विषयावर निबंधस्पर्धा जाहीर केली होती. पहिलं बक्षीस खांडव्याच्या एका तरुण शाळामास्तराला मिळालं. ते माखनलाल चतुर्वेदी. वय जेमतेम एकोणीस. निबंधाच्या कागदांतून सप्र्यांनी त्या मुलाला हेरलं आणि त्याच्यावरची नजर पुढे कधी ढळू दिली नाही. एवढ्या एका निबंधानं खांडवा आणि नागपूर यांच्यात जो धागा जुळला, तो अठरा वर्षं टिकला.

३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपूरचा बाँब फुटला. टिळकांनी ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख लिहिले, जूनमध्ये त्यांना अटक झाली आणि २२ जुलैला सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. नागपुरावर गदा येणार हे उघड होतं. २२ ऑगस्टला ‘हिंदी केसरी’चे सप्रे आणि ‘देशसेवक’चे अच्युत बळवंत कोल्हटकर या दोघांनाही राजद्रोहाच्या कलमाखाली धरण्यात आलं. कोल्हटकर शिक्षा भोगून आले, पुढे मुंबईत ‘संदेश’ काढून त्यांनी मराठी वृत्तपत्राची भाषाच बदलून टाकली, आणि त्यांची आठवण महाराष्ट्रानं ठेवली.

सप्रे नोव्हेंबरमध्ये सुटले. माफीनाम्यावर सही करून सुटले.

थोरले बंधू बाबूराव यांच्यावर सगळ्या घराचा भार होता. धाकट्यानं माफी मागितली नाही तर जीव देईन, इथवर त्यांनी गोष्ट आणली असं सांगतात. माधवरावांची प्रकृतीही तुरुंगात ढासळली होती. कारणं काहीही असोत, सही झाली. कालपर्यंत ज्याचा अंक लोक डोक्यावर घेत होते, त्याच्याकडे आज पाठ फिरवू लागले. मराठी इतिहासलेखनाला तुरुंगवासाच्या वर्षांवरून माणूस मापण्याची सवय आहे. त्या मापानं सप्रे तिथंच संपतात, आणि बहुधा म्हणूनच आपण त्यांना विसरलो. मला हे माप अपुरं वाटतं. त्या सहीनंतर ते सतरा वर्षांहून अधिक जगले. त्या वर्षांत त्यांनी काय केलं हे पाहिल्याशिवाय त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार कुणाला पोचत नाही.

आधी त्यांनी स्वतःलाच शिक्षा दिली. वर्ध्याच्या हनुमानगढीवर परांजपे नावाच्या रामदासी सत्पुरुषांचा मठ होता. पदवीधर संपादक माधवराव तिथं जाऊन राहिले. झोळी घेऊन मधुकरी मागायची, मिळेल ते खायचं आणि दासबोध वाचायचा. दासबोधाची तेरा पारायणं त्यांनी तिथं केली असं म्हणतात. ज्या माणसाला गावच्या लोकांसमोर मान वर करणं जड झालं असेल, त्यानं नेमकं दारोदार जाऊन हात पसरण्याचं व्रत घ्यावं, याला फार मोठं धैर्य लागतं. तुरुंगात बसण्याइतकंच लागत असेल.

तिथून ते रायपूरला परतले आणि रामदासी मठ काढून राहू लागले. इथून पुढचे सप्रे म्हणजे निवृत्त पत्रकार आणि गावाचा कार्यकर्ता. १९११-१२ च्या सुमारास त्यांनी जानकीदेवी महिला पाठशाळा सुरू केली. मुलीला शाळेत धाडा म्हणून घरोघर समजावणं आणि शिकवायला माणसं मिळवणं ही कामं तेव्हाही किती चिवट असतील याची कल्पना कुणालाही करता येईल. पुढे अनाथ मुलांच्या आश्रमासाठी ते झटले आणि असहकाराच्या लाटेत, १९२१ मध्ये, रायपूरला राष्ट्रीय विद्यालय उभं राहिलं त्याच्या पाठीशी राहिले. ‘छत्तीसगढ मित्र’चे जुने सहकारी वामनराव लाखे याही कामात सोबत होते. लेखन चालूच होतं, पण पुष्कळदा टोपणनावानं. ‘माधवदास रामदासी’ हे त्यातलं एक.

आणि अनुवाद. दासबोध त्यांनी हिंदीत आणला. मंडालेच्या कोठडीत टिळकांनी पेन्सिलीनं लिहिलेलं ‘गीतारहस्य’ जून १९१५ मध्ये मराठीत प्रसिद्ध झालं. वर्षभरात सप्र्यांचा हिंदी अनुवाद तयार होता. अनुवादकाच्या प्रस्तावनेखाली रायपूरच्या रामदासी मठाचा पत्ता आहे आणि तिथी आहे आषाढी एकादशीची, संवत १९७३, म्हणजे जुलै १९१६. अवघ्या वर्षात तो डोंगर त्यांनी कसा उपसला असेल! मीमांसकांची परिभाषा, सांख्य आणि वेदान्त, मिल-स्पेन्सर-ग्रीन यांचे खंडनमंडन आणि त्यावर टिळकांची मैलोगणती चालणारी वाक्यं. हिंदी मुलखातल्या कित्येक पिढ्यांनी टिळकांची गीता वाचली ती सप्र्यांच्या शब्दांत. ज्या टिळकांचा मजकूर छापल्याबद्दल धरले गेले आणि ज्यांच्यासारखं टिकून राहता आलं नाही, त्यांचाच सर्वांत मोठा ग्रंथ त्यांनी असा खांद्यावर घेतला. १९२० मध्ये चिंतामण विनायक वैद्यांच्या महाभारतावरील ग्रंथाचं हिंदी रूप ‘महाभारत मीमांसा’ या नावानं आलं, तेही त्यांचंच.

त्याच वर्षी जानेवारीत जबलपूरहून ‘कर्मवीर’ निघाला. महाकोशलात, म्हणजे मध्य प्रांताच्या हिंदी भागात, एक निर्भीड राष्ट्रीय साप्ताहिक हवं ही सप्र्यांची तळमळ होती. पंडित विष्णुदत्त शुक्ल यांच्या साथीनं ‘राष्ट्रसेवा लिमिटेड’ अशी कंपनी स्थापून भांडवल उभं करण्यात आलं. पन्नाशीला टेकलेले, प्रकृतीनं खचलेले माधवराव त्यासाठी गावोगाव हिंडले. संपादक कोण, हा प्रश्न आला तेव्हा त्यांच्या मनात एकच नाव होतं. माखनलालजी खांडव्यात होते. मधल्या काळात त्यांनी शाळेची नोकरी सोडली होती आणि १९१३ मध्ये कालूराम गंगराडे यांनी काढलेल्या ‘प्रभा’ मासिकाचं काम पाहिलं होतं. (खांडव्याची ही ‘प्रभा’ छापली जाई पुण्याच्या चित्रशाळा प्रेसमध्ये. निमाडातल्या हिंदी कवितेची खिळेजुळणी पुण्यात होत होती, हे मला फार आवडतं.)

‘कर्मवीर’च्या परवान्याची एक हकीकत सांगितली जाते. अर्ज सप्र्यांनी लिहून दिला होता आणि पत्र काढण्याचा हेतू पोटापाण्यासाठी असा साधासुधा नोंदवला होता. माखनलालजी जबलपूरच्या इंग्रज मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहिले. गावात एक इंग्रजी साप्ताहिक असताना हिंदी कशाला हवं, असं साहेबानं विचारलं. हा अर्ज पुढे करण्याचीही गरज माखनलालजींना वाटली नाही. ते इंग्रजी पत्र भित्रं आहे, मला असं पत्र काढायचं आहे की ब्रिटिश राज्य चालता चालता थबकेल, अशा अर्थाचं त्यांनी तोंडावर सांगितलं. परवाना मिळाला. गुरूनं शिष्यासाठी सावधपणाची वाट काढून ठेवली होती आणि शिष्य सरळ पुढच्या दारानं गेला. आपल्या हातून जे सुटलं ते या मुलाच्या हातात शाबूत आहे हे त्या दिवशी सप्र्यांना दिसलं असणार, असं ही हकीकत वाचताना मला दर वेळी वाटतं.

‘कर्मवीर’नं त्याच वर्षी सागरजवळ रतौना इथं होऊ घातलेल्या कसाईखान्याविरुद्ध मोहीम काढली आणि सरकारला तो बेत गुंडाळावा लागला. १२ मे १९२१ ला माखनलालजींना राजद्रोहासाठी अटक झाली, बिलासपूरच्या भाषणाबद्दल. ते बिलासपूरच्याच तुरुंगात राहिले आणि ‘पुष्प की अभिलाषा’ ही हिंदी घरांत पाठ असलेली कविता तिथं लिहिली गेली. सप्र्यांचं बालपण याच गावात गेलं होतं. त्यांच्या शिष्यानं माफी मागितली नाही.

१९२४ मध्ये देहरादूनला हिंदी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद माधवरावांकडे आलं. सोळा वर्षांपूर्वी ज्याला टाळलं होतं त्याला हिंदी जगानं उच्चासनावर बसवलं. तिथं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं की मी महाराष्ट्रीय आहे, पण हिंदीचा अभिमान मला हिंदी मातृभाषा असलेल्या कुणाहूनही कमी नाही. आज प्रत्येक भाषेला शेजारणीचं भय वाटतं, अशा काळात हे वाक्य दोन्ही बाजूंच्या लोकांनी नीट ऐकायला हवं. सप्र्यांनी मराठी टाकली नव्हती. घरात, मठात, दासबोधाच्या पानांत ती होतीच. तिच्या जोरावरच ते हिंदीला काही देऊ शकले.

४ एप्रिल १९२५ ला, माखनलालजींच्या वाढदिवशी, ‘कर्मवीर’ खांडव्याहून पुन्हा सुरू झाला. या दुसऱ्या जन्मात त्याला सिद्धनाथ माधव आगरकर यांच्यासारख्या मराठी पत्रकाराचाही हात लाभला. खांडव्याचं ‘स्वराज्य’ पुढे त्यांनीच चालवलं. खांडवा-बुऱ्हाणपूर या लोहमार्गावरच्या गावांना आपल्या जिल्ह्याचं पत्र मिळालं आणि पोस्टाच्या थैल्यांतून ते आडवाटेच्या वाचकांपर्यंत जाऊ लागलं. सप्र्यांनी त्याचं पहिलं वर्ष पाहिलं. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरात त्यांचं निधन झालं. पंचावन्नही पुरी झाली नव्हती.

त्याच वर्षी माखनलालजींनी ‘कर्मवीर’मध्ये त्यांच्यावर लिहिलं. गेल्या पंचवीस वर्षांत हिंदीची जी जडणघडण झाली तिच्यामागे हा माणूस उभा होता, पडद्याआडून संस्था उभारत आणि लेखक घडवत राहिला, असा त्याचा आशय. माखनलालजी पुढे तीन दशकांहून अधिक काळ, १९५९ पर्यंत, खांडव्याहून ते पत्र चालवत राहिले आणि ३० जानेवारी १९६८ ला गेले.

भोपाळमध्ये १९८४ च्या १९ जूनला, सप्र्यांच्या जन्मदिवशी, जुनी वर्तमानपत्रं आणि मासिकं जपणारं एक संग्रहालय सुरू झालं. गावोगावच्या माळ्यांवरून, वाळवीच्या तोंडून काढलेल्या अंकांच्या हजारो बाडांतून तिथं आज संशोधक आपापला काळ शोधत असतात. त्याचं नाव ‘माधवराव सप्रे स्मृती समाचारपत्र संग्रहालय’. याच शहरातलं पत्रकारितेचं विद्यापीठ माखनलाल चतुर्वेदींच्या नावे आहे.